दस्ता बदलायचाय

बंदूक उडवल्यानं जेवढी बिघडते त्याच्या कितीतरी पट ती पडून राहिल्यानं बिघडते. अमरावतीत हत्यार दुरुस्तीच्या धंद्यात आधी वडिलांच्या हाताखाली शिकलो, पुढे परवाना माझ्या नावावर झाला. तेव्हापासून टेबलावर येणाऱ्या बहुतेक हत्यारांचं दुखणं हेच. नळी शाबूत, बोल्ट शाबूत, चाप चोख, आणि दस्ता तडकलेला, फुगलेला, नाहीतर वाळवीनं आतून खाल्लेला. म्हणून मोबाईलवर व्हिडिओ पाहून आलेला एखादा तरुण 'लाकूड काढा अन् फायबरचा टाका' म्हणतो तेव्हा मी त्याला वेड्यात काढत नाही. मागणी बरोबर असते, कारण चुकीचं असतं. त्याला वाटतं, फायबरनं नेम सुधारतो. व्हिडिओतला माणूस परदेशात बर्फात फिरून शिकार करतो. आपली रायफल वर्षातले बहुतेक दिवस कपाटात, माळ्यावर नाहीतर पोलीस ठाण्यात असते. दस्ता निवडायचा तर ती जिथं पडून राहणार, त्या जागेचा विचार करून निवडायला हवा.

आपल्याकडे परवान्याची हत्यारं साधारण तीन जातींची. ठासणीची बंदूक सगळ्यात जुनी. मग 12 बोअरची दुनळी, एकेकाळी पाटील-देशमुखांच्या वाड्यात खुंटीला असायची ती. आणि रायफल म्हटली की 315 बोअर. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीची ही रायफल म्हणजे लष्करातल्या ली-एन्फिल्डचीच बहीण. लष्कराची काडतुसं बंडखोरांच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रजांनी .303 बोअर सामान्य माणसाला बंद केला. तो आजही प्रतिबंधित बोअरमध्येच मोडतो. मग ऑस्ट्रियाच्या 8 मिलिमीटर मॅनलिखर काडतुसाचं माप घेऊन 315 आली. तिची काडतुसं आपल्याच राज्यात, पुण्याजवळ खडकीच्या फॅक्टरीत बनतात. तळाशी केएफ ही अक्षरं असतात.

शिकारी रायफल हे नाव मागं राहिलं, शिकार गेली. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, आणि सेमाडोह-हरिसालच्या रानात साहेबांसोबत हिंडलेल्या रायफली पीक राखायच्या कामाला लागल्या. सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा, म्हणजे अकोट, तेल्हारा, अंजनगाव, अचलपूर, चांदूर बाजार, इथं रानडुकरं आणि रोही यांनी हरभरा, ज्वारी, भुईमूग काय करून ठेवला असतो ते सकाळी धुऱ्यावर उभं राहून पाहिल्याशिवाय कळत नाही. 2015 मध्ये राज्य शासनानं पीक खाणारी रानडुकरं आणि रोही मारण्याची परवानगी कशी मागायची, कोण देणार, याची पद्धत ठरवून दिली. तरी परवानगीचा अर्ज, पंचनामा, वनविभाग या फेऱ्यात प्रत्यक्ष गोळी सुटण्याची वेळ क्वचितच येते. हवेत बार काढून कळप हाकलणं हाच बहुतेकांचा उपयोग. मला त्याबद्दल तक्रार नाही. जनावर पडलं नाही तरी माणूस जागलीला निर्धास्त बसतो, हे काही कमी नाही.

अकोटकडच्या एका शेतकऱ्याची रायफल अशीच आली. आजोबांच्या वेळची 315, तीन पिढ्यांच्या परवान्यावरून फिरलेली. बरोबर त्यांचा मुलगा, कृषी विद्यापीठात शिकणारा. पोत्यातून रायफल काढून टेबलावर ठेवली आणि मुलगाच बोलला, "काका, हे लाकूड आता पुरे झालं. काया फायबरचा टाकून द्या."

"काहून बापा?"

"पाण्यानं फुगते, उनानं तडकते. फायबरले काही होत नाई."

वडील गप्प होते. त्यांचा हात दस्त्याच्या गालाच्या जागेवर होता, जिथं लाकूड घासून घासून गुळगुळीत आणि काळपट झालं होतं.

मी पुढचा लाकडी भाग, फोरएंड, उलटा करून पाहिला. मागच्या टोकाला, चापाच्या वरच्या अंगाला, केसासारखी चीर होती आणि ती पुढे दोन बोटं गेली होती. ती चीर ऊन-पावसाची नव्हती. ली-एन्फिल्डच्या या जुन्या बनावटीत लाकूड दोन तुकड्यांत असतं. मागचा दस्ता बॉडीच्या खोबणीत बसतो आणि त्याच्या पोटातून गेलेला एक लांब बोल्ट त्याला ओढून धरतो. त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते बॉडीच्या पलीकडे येऊन फोरएंडच्या मागच्या पत्र्याच्या पट्टीत अडकतं, म्हणजे बोल्ट आपोआप सैल होऊ नये. त्यामुळे दस्ता काढायचा तर आधी फोरएंड उतरवावा लागतो. ज्याला हे माहीत नाही तो मागची पितळी पाटी उघडतो, लांब पेचकस घालतो आणि फिरवतो. चौकोनी टोक आतल्या आत फिरतं आणि फोरएंडचं लाकूड उभं फाडतं. दस्ता हलतोय म्हणून कोण्या सुताराकडे नेली होती का, विचारलं. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातच उत्तर आलं.

म्हणजे त्या चिरेसाठी लाकडाला दोष द्यायचं कारण नव्हतं. पण चीर सोडली तरी लाकडाचं बाकीचं दुखणं खरंच होतं. फोरएंडला मागच्या बाजूला दोन खांदे असतात. गोळी सुटते तेव्हा बॉडीचा सगळा दणका ते खांदे झेलतात. ते दोन्ही खांदे बॉडीला घट्ट भिडलेले पाहिजेत. या रायफलीत उजवा खांदा भिडत होता, डावीकडे कागद सरकेल एवढी फट होती. लाकूड लांबीत फारसं वाढत-घटत नाही, रुंदीत मात्र हवेप्रमाणे श्वास घेतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवेत ओल पंधरा-वीस टक्क्यांवर येते, अकोल्याचा पारा 45 च्या पुढे जातो. जुलैत तीच हवा ओल्या फडक्यासारखी होते. असं वर्षाला एकदा, तेही तीन पिढ्या. अक्रोडाचं लाकूड काश्मीरच्या थंडीत वाढलेलं, त्याला हा हिशेब मानवत नाही.

लाकूडच बदलायचं तर आपल्या भागातलं लावा, असं पुष्कळ जण सांगतात. परतवाड्याला सागाचे डेपो आहेत, हवा तसा नग मिळतो. पण साग दस्त्याला नाही चालत. दार-खिडकीला साग उत्तम, ऊन-पावसात हलत नाही. दणका मात्र सोसत नाही, रेषेवर सरळ चिरतो. शिवाय त्यात वाळूसारखा कणीदार अंश असतो, तासाभरात पटाशीची धार जाते. शिसम मजबूत, पण जड. धावडा कुऱ्हाडीच्या दांड्याला आमच्याकडे एक नंबर, त्याचा दस्ता मात्र कोणी करत नाही, वाळताना वाकतो. पातळ फळ्या डिंकानं चिकटवून केलेलं, प्लायवूडच्या जातीचं लाकूडही मिळतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनातला पहिला पर्याय तोच असतो. फुगत नाही, चिरत नाही, आणि हातात लाकूडच लागतं. पण मुलाला काळं हवं होतं.

फायबर म्हटलं की लोकांना एकच वस्तू डोळ्यांसमोर येते. तिच्या दोन जाती आहेत. स्वस्त दस्ता म्हणजे साच्यात ओतलेलं प्लॅस्टिक, त्यात काचेचे बारीक तुकडे मिसळलेले, आतून पोकळ. महाग दस्ता म्हणजे काचेच्या कापडाचे थर राळेत भिजवून हातानं चढवलेला, आतून भरीव. 1959 मध्ये अमेरिकेत रेमिंग्टननं नायलॉनच्या अंगाची छोटी .22 रायफल काढली तेव्हा लोक हसले होते म्हणतात. मग ती लाखांनी खपली. आपल्या लष्कराची इन्सासही लाकूड सोडून तांबूस-नारिंगी प्लॅस्टिकवर आली. म्हणजे प्लॅस्टिक कमी दर्जाचं, हा समज सोडून द्यायला हरकत नाही. पोकळ आणि भरीव यांतला फरक मात्र शेतात कळतो. पोकळ दस्ता मचाणाच्या लाकडाला लागला की 'ठक्' असा आवाज होतो. रात्री दोन वाजता हरभऱ्यात डुकरं उतरलेली असताना तो आवाज दूरवर जातो. आणि दस्ता जितका हलका तितका खांद्यावरचा धक्का जोराचा. काडतूस तेच, बारूद तेवढीच, मग वजन कमी केलं की फरक खांद्यालाच भरून द्यावा लागतो.

उन्हाचं विचारलं तर मुलाला मी त्याच्याच अभ्यासातलं उत्तर दिलं. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात? त्यांत दोन ते तीन टक्के काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळलेली असते, म्हणून उन्हात वर्षानुवर्षं टिकतात. पांढरा पाइप उघड्यावर टाकला की तिसऱ्या वर्षी खडूसारखा होतो आणि पायाखाली मोडतो. प्लॅस्टिकच्या दस्त्याचंही तेच. काळाच घ्यावा, यात शोभेचा प्रश्न नाही. मागे लावलेल्या रबराच्या गादीचं मात्र काही सांगता येत नाही. पत्र्याच्या खोलीत दोन उन्हाळे काढले की स्वस्तातलं रबर चिकट होतं, कपड्याला काळं लागतं. मी ती गादी शक्यतो टाळतो, पितळी पाटी बरी.

मग माप. हे लोक शेवटी विचारतात, मी आधी घेतो. कोपर नव्वद अंशांत वाकवायचा, दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या खळीत टेकवायचं आणि बोट चापावर नीट पोचतं का पाहायचं. ली-एन्फिल्डच्या लष्करी दस्त्यांना ही मापं चार होती: नेहमीचं, त्याहून अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि बुटक्या शिपायांसाठी एक इंच आखूड. लाकडावर त्यांची अक्षरं ठोकलेली असायची. परदेशी प्लॅस्टिकचा दस्ता एकाच मापात येतो, आणि ते माप सहा फुटी माणसाचं असतं. आमच्या शेतकऱ्याला तो लावला तर मान पुढं ताणावी लागेल, आणि ताणलेल्या मानेनं डोळा दृष्टीरेषेत येत नाही.

याहून मोठी अडचण गालाची. बाजारातले बहुतेक प्लॅस्टिकचे दस्ते दुर्बीण लावणाऱ्यांसाठी घडवलेले असतात, म्हणून त्यांची गाल टेकायची जागा उंच. या रायफलीवर दुर्बीण नव्हती, लोखंडी माशी आणि खाचच होती. उंच दस्त्यावर गाल टेकला की डोळा खाचेच्या वर राहतो. खाली आणायचा तर गालाचं हाड दाबून धरावं लागतं, आणि मग पहिल्याच बाराला डोळ्यांत पाणी. रायफल हातात देऊन मुलाला भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरायला लावला, आधी जुन्या दस्त्यानं, मग दुकानात पडलेल्या एका प्लॅस्टिकच्या दस्त्याचा नुसता नमुना गालाला लावून. तो हसला. "हे तं वरून पाहून राह्यलं मी."

म्हणून ठरलं ते असं: फोरएंड काळा, मागचा दस्ता आजोबांचाच. रायफल दोन तुकड्यांची असल्यानं हे जमतं. अखंड लाकडाच्या बनावटीत जमलं नसतं. सामान मागवायचं तर परवाना असलेल्या व्यापाऱ्यामार्फतच. हत्यारांचे सुटे भाग बाहेरून आणायला परवाना लागतो, आणि दस्ता त्यात मोडतो की नाही हा वाद कस्टमच्या काउंटरवर घालण्यात शहाणपण नाही. परवान्याच्या पुस्तकात मात्र काही बदलावं लागत नाही. तिथं नंबर, बोअर आणि बनावट असते, दस्ता कशाचा याला रकाना नाही. तरी मी कामाची पावती आणि नोंद देतोच. नूतनीकरणाच्या वेळी एखादा अंमलदार 'ही काळी कधी झाली?' विचारतो, तेव्हा ती पावती खिशात असलेली बरी.

सामान आलं आणि अपेक्षेप्रमाणे बसलं नाही. बाहेरचा साचा लष्करी रायफलीच्या नळीचा, 315 ची नळी वेगळी; पुढे भरपूर जागा, मागे खांद्यांशी फट. लाकूड असतं तर दिव्याची काजळी तेलात कालवून लोखंडाला लावली असती, बॉडी लाकडात दाबून उचलली असती, जिथं काळा डाग उमटेल तिथं पटाशीनं नखाएवढं खरवडलं असतं, आणि डाग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत तेच. प्लॅस्टिकलाही काजळी लावतो, पण ते पटाशीला सुटत नाही, तंतू निघतात. कानशीनं जोर केला तर गरम होऊन चिकटतं आणि वास सुटतो. पुढचं काम खरवडून झालं. मागच्या खांद्यांशी मात्र भर घालावी लागली. लोखंडाला मेणाचा हात दिला, खांद्यांच्या जागी इपॉक्सीत स्टीलची भुकटी कालवून भरली आणि बॉडी बसवून रात्रभर ठेवली. मेण लावताना एक कोपरा जरी सुटला तरी रायफल आणि दस्ता कायमचे चिकटतात, म्हणून हे काम मी कोणाशी बोलत करत नाही. सकाळी बॉडी सुटली तेव्हा दोन्ही खांद्यांवर आरशासारखी छाप होती. जुन्या फोरएंडमधली पत्र्याची पट्टी काढून नव्यात बसवली, बोल्टचं चौकोनी टोक तिच्यात गेलं, आणि नळी पुढच्या भागात कुठंच टेकणार नाही अशी कागदाएवढी मोकळी ठेवली. नेम सुधारला तर तो या दोन गोष्टींनी, काळ्या रंगानं नाही.

मागचा अक्रोडाचा दस्ता सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं पुसला तेव्हा फडक्यावर तीन पिढ्यांचा मळ आला. वाळल्यावर जवसाचं उकळलेलं तेल बोटानं चोळलं, उरलेलं पुसून काढलं, एक दिवस ठेवलं, पुन्हा चोळलं. हेही आपल्याच शिवारातलं. कच्चं तेल आठवडाभर चिकट राहतं, म्हणून उकळलेलंच. त्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही, आपोआप तापून पेटतं. आमच्याकडे ते पाण्याच्या डब्यात जातं. नवीन पोऱ्याला हे पहिल्या दिवशी शिकवतो, पेचकस धरायचं नंतर.

रायफल न्यायला वडील एकटेच आले. काळा पुढचा भाग, मागं तपकिरी लाकूड. बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "एक काया, एक तांबडा बैल जुंपल्यावानी दिसते." मग खांद्याला लावली, गाल टेकवला आणि मान हलवली. पैसे देताना विचारलं, "निवडणुकीत ठाण्यात ठेवाव लागन तवा?"

त्यांचा प्रश्न मला फार पटला. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं जमा करायचा आदेश निघतो. 2024 साली तर एप्रिलमध्ये लोकसभा आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभा, वर्षात दोनदा. पीक राखणीचं कारण देऊन सूट मागता येते, ती मिळतेच असं नाही. जमा झालेली हत्यारं गोणपाटात, चिठ्ठी बांधून, एकावर एक. त्या खोलीला खिडकी असेल तर पावसाचं पाणी, नसेल तर कोंदट हवा. लाकडाला गोणपाटाची ओल सगळ्यात वाईट. म्हणून सांगितलं, गोणपाटाच्या आत सुती कापड, कापडाला बंदुकीचं तेल, आणि दस्त्याला जवसाचं एक बोट फिरवूनच जमा करा. प्लॅस्टिकचा भाग आहे म्हणून लोखंडाला विसरू नका. फायबरवाले इथंच फसतात. दस्ता गंजत नाही, म्हणून रायफल गंजत नाही असं त्यांना वाटतं. आणि प्लॅस्टिक आणि नळी यांच्यामध्ये साचलेलं पाणी लाकडासारखं शोषलं जात नाही, तिथंच बसून राहतं. गंज नेमका झाकलेल्या जागी धरतो. पावसाळ्यानंतर एकदा फोरएंड उतरवून पुसावाच लागतो. उतरवताना आधी कोणता पेच, हे त्यांना कागदावर चित्र काढून दिलं.

12 बोअरच्या दुनळीला मात्र मी प्लॅस्टिक लावत नाही. जोखीम आहे असं नाही. दुनळीचा दस्ता हाताच्या मापाला वाकवलेला, झुकवलेला असतो, आणि ते वळण साच्यात येत नाही. तिथं अक्रोड नाहीतर शिसम, आणि दोन महिने थांबायची तयारी. ठासणीच्या बंदुकीला तर कोणी मागतही नाही.

परवा वरुडचा एक संत्रावाला आला. त्याला दस्ता हवा होता झाडापानांच्या नक्षीचा, व्हिडिओतल्यासारखा. म्हटलं, "भाऊ, डुकराले रंग धड दिसत नाई. त्याले वास येते. नक्षीपेक्षा वाऱ्याच्या उलट्या अंगाले बसा."

तो म्हणाला, "डुकराले नसन दिसत. शेजारच्या धुऱ्यावाल्याले तं दिसते ना!"